राखाडी सदरा, निळी पट्टी

५ फेब्रुवारी

चि. ठकूस मावशीचे अनेक आशीर्वाद.

तुझं टपाल काल मिळालं. आत काय काय निघालं ते आधी लिहिते, म्हणजे वाटेत काही गळालं असेल तर तुला कळेल. पत्र एक, चार पानी. विमा कंपनीच्या बोलावण्याची नक्कल एक. मापाला म्हणून तुझा जुना सदरा एक, उजव्या कोपरावर विरलेला. शिवाय पाकिटाच्या तळाशी एक सुटं बटण. ते तुझं की टपालखात्याचं, देव जाणे. तू तिकिटं कमी लावलीस म्हणून पोस्टमनने माझ्याकडून दुप्पट हशील घेतलं, साडेसात. पुढच्या वेळी पोस्टात वजन करून मग तिकिटं लाव. हे बोलणं नव्हे, नुसतं सांगते.

आता मुद्द्याचं. पंचवीस तारखेला तुझी मुलाखत आणि एक एप्रिलला तुझ्या दादाची बदली. मधल्या दिवसांत नोकरी लागली तर तू शहरात खोली घेऊन राहणार. नाही लागली तर दादा-वहिनीबरोबर त्यांच्या नव्या गावी, त्यांच्या दोन मुलांच्या डब्यांना आणि आंघोळींना. वहिनी वाईट नाही. पण ‘ती काय, घरचीच आहे’ हे ती ज्या सुरात म्हणते तो सूर मी ओळखते. बाबा जाईपर्यंत सहा वर्षं त्यांचं अंथरुणातलं केलंस, त्यात तुझं तिसावं सरलं. पुढची सहा दुसऱ्या कुणाची व्हायला नकोत असं मला वाटतं. देवालाही तसंच वाटत असावं, नाहीतर हे बोलावणं आलं नसतं.

ऑफिसात मुलाखतीला काय घालून जायचं असं तू विचारलंस. कुणाला विचारलंस बाई. मी मॅट्रिक झाले आणि पाचव्या महिन्यात या घरात आले. ऑफिसच्या खुर्चीत एकदाच बसले, काकांच्या पेन्शनच्या कागदावर सही होईपर्यंत, तेवढ्यात शिपाई म्हणाला ही खुर्ची साहेबांची आहे. पण मला कळत नाही म्हणजे कळून घेता येणार नाही असं नाही. योग बघ, दहा आणि अकराला तुझ्या काकांना डोळे दाखवायला शहरात न्यायचंय, आणि तो डोळ्यांचा दवाखाना तुझ्या ऑफिसच्या बरोब्बर समोर आहे. पत्ता मी दोनदा ताडून बघितला. काकांच्या डोळ्यांत औषध घातलं की दोन-दोन तास नुसतं बसणं. मी खिडकीशी बसेन आणि तुझ्या ऑफिसात बायका काय घालून शिरतात ते बघेन. वही बरोबर नेतेय.

तोवर नवीन काही विकत घेऊ नकोस.

तुझी मावशी


८ फेब्रुवारी

ती. मावशीस साष्टांग नमस्कार.

हशिलाबद्दल माफ कर. बटण माझं नाही.

काल कपाट उघडून बसले होते. सहा वर्षांतले सगळे कपडे एकाच कामाचे निघाले: धुवायला सोपे, बाही वर सारता येणारे, औषध सांडलं तरी डाग न दिसणारे. वहिनी आली आणि म्हणाली, “माझा मोरपिशी घाल की, जरीचा. तेवढ्यासाठी तरी कुणी मान वर करून बघेल.”

दादा म्हणाला, “मुलाखत आहे ती, समारंभ नव्हे.”

“मग तुम्ही सांगा काय घालावं.”

“साधं काहीतरी.”

“साधं म्हणजे?”

“म्हणजे... साधं.” आणि पेपर उघडून बसला. दादाची मदत एवढीच.

बोलावण्याच्या कागदावर शेवटी एक ओळ आहे: ‘पोशाख नीटनेटका व कामास साजेसा असावा.’ कामाला काय साजतं ते काम केल्याशिवाय कसं कळणार? मला प्रश्नांची भीती नाही मावशी. दप्तर विभागातली कारकुनी आहे, कागद लावणं मला येतं. पण मी आत पाऊल टाकल्याबरोबर ‘ही इथली नव्हे’ असं कुणाच्या तोंडावर दिसलं तर माझी वाचाच बसेल. मला त्यांच्यातली दिसायचंय, एवढंच. म्हणून तू बारीक बघ. बाह्या पूर्ण की अर्ध्या? पायात टाचांचं असतं की सपाट? कानात काय? केस मोकळे की बांधलेले? पर्स खांद्याला की हातात?

काकांना नमस्कार.

तुझी ठकू


१२ फेब्रुवारी

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

दोन्ही दिवस मी खिडकी सोडली नाही. काका म्हणाले, “दवाखान्यात माझ्यासाठी आलीस की समोरच्यांसाठी?” मी म्हटलं, तुम्हाला सध्या दिसत नाही, तर घरातल्या कुणीतरी बघायला नको का.

वहीतून उतरवून देते. आठाच्या आत बायका सव्वीस. आणि ठकू, सगळ्याजणी एकसारख्या. राखाडी सदरा, पूर्ण बाहीचा. कॉलरला, मनगटांना आणि खिशाला बोटभर रुंद गर्द निळी पट्टी. खाली काळी पँट. पायात सपाट काळे बूट, चालताना आवाज न करणारे. केस घट्ट मागे बांधलेले, कानात बारीकसं काहीतरी किंवा काहीच नाही, तोंडाला रंग नाही. पर्स एकीचीही नाही, बहुतेक आत ठेवायची सोय असावी. या सगळ्या बाजूच्या गल्लीतल्या दाराने आत जातात. ते बरोबरच आहे. समोरचं दार गिऱ्हाइकांचं, घरच्या माणसांचं दार बाजूला, दुकानात असतं तसं.

सव्वानऊपर्यंत समोरच्या दाराने एकोणचाळीस. यांचं काही एकासारखं एक नव्हतं. कुणी जाकीट, कुणी झगा, कुणाच्या टाचा रस्त्यापलीकडे ऐकू येत होत्या. हातात कॉफीचा पेला आणि चालण्यात घाई नाही. दहानंतर आणखी अकरा. ही सगळी विमा काढायला आलेली माणसं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा आठाच्या आत सव्वीस. एकीचाही खाडा नाही. कामाची माणसं मला यावरून कळली. उशिरा, रमतगमत येतो तो पाहुणा. जो उजाडल्याबरोबर येतो त्याच्यावर ते घर चालतं. एकीच्या कमरेला किल्ल्यांचा हा एवढा जुडगा होता, ती मोठ्या हुद्द्याची असणार. दुसऱ्या मजल्यावरची एक मला काचेतून दिसली. आपलं टेबल आपण पुसत होती, मग शेजारणीचंही पुसलं. मनमिळाऊ मंडळी दिसतात.

तरीही मी नुसत्या अंदाजावर राहिले नाही. दवाखान्यातल्या आयाबाईंना विचारलं, “त्या समोरच्या राखाडीतल्या, रोज येतात का हो?” त्या म्हणाल्या, “रोज. त्या आल्या नाहीत तर दोन दिवसांत बंद पडेल ते ऑफिस.” मी तसंच्या तसं लिहून घेतलं.

त्यांच्यातली एक औषध घ्यायला दवाखान्यात आली, तेव्हा पट्टी कशी बसवली आहे ते जवळून बघितलं. एकेरी शिवण आहे, कच्ची. मी दुहेरी घालीन. तुझं माप आहेच. कापड आणलंसुद्धा.

तुझी मावशी


१६ फेब्रुवारी

ती. मावशीस साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र तीनदा वाचलं. वहिनीलाही वाचून दाखवलं, ती म्हणाली, “मावशींना पोलिसात घ्यायला हवं होतं.” जीव भांड्यात पडला माझा. सहा वर्षं घराबाहेर न पडलेली मी पहिल्याच दिवशी त्यांच्यातली दिसणार, हे नुसतं मनात आलं तरी पाठ ताठ होते.

एक शंका. नोकरी लागण्याआधीच त्यांच्यासारखं घालून गेले तर आगाऊपणा नाही ना वाटणार?

पहाटे पाचची गाडी पकडली की साडेसातला तिथे पोचते. मुलाखत दहाला आहे, पण त्या आठाच्या आत येतात म्हणतेस, तर मीही तशीच जाईन.

तुझी ठकू


२० फेब्रुवारी

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

सोबत पार्सल. आत: राखाडी सदरा एक, काळी पँट एक (कमरेत इंचभर माया ठेवली आहे, लागली तर सोड), केसांच्या काळ्या पिनांचं पाकीट एक, हातरुमाल दोन. कापड उरलं तेवढ्यात तुझ्या काकांच्या चष्म्याला पिशवी झाली.

आगाऊपणा कसला? पाहुण्याने येताना आपली थाळी आणली तर कुणी रागावत नाही.

आता नीट ऐक. सदरा घालून आधी घरात तासभर खुर्चीवर बस आणि मग आरशात पाठ बघ. किती चुरगळतो ते कळेल. दोन्ही हात वर कर, खाली वाक, काही वर सरकत नाही ना, कुठे ओढत नाही ना. तिथे मन उत्तरांवर हवं, कापडावर नको. बूट नवे घेतलेस तर तीन दिवस घरात मोजे घालून वापर. इस्त्री आदल्या संध्याकाळीच करून ठेव. नखं काप. अत्तर नको, समोरच्याला शिंका आल्या तर सगळं मुसळ केरात. खिशात सेफ्टी पिन असू दे.

मी रोज तुझ्या नावाने अकरा माळा जपतेय. पंचवीसला सकाळभर देवाजवळच बसेन. स्वयंपाक काकांनी करायचा असं ठरलंय, त्यांनाच अजून माहीत नाही.

झाल्या झाल्या कळव.

तुझी मावशी


२७ फेब्रुवारी

ती. मावशीस साष्टांग नमस्कार.

मुलाखत झाली. सदरा मापात अगदी बरोबर बसला, कुठे ओढला नाही, चुरगळलाही नाही. मी कुठली ते पहारेकऱ्याने बघताक्षणी ओळखलं, आतल्या बायकांनीही ओळखलं. त्यांनी शिवण फार वाखाणली; एकीने तर उलटून बघितली. चहा दिला. मुलाखत घेणारी माणसं तीन होती. प्रश्न जमले असं वाटतं. तीन आठवड्यांत पत्राने कळवणार आहेत. प्रवास ठीक झाला. दादा सामान बांधायला लागलाय. काकांचे डोळे कसे आहेत?

तुझी ठकू


३ मार्च

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

बोलावणं आलं त्याचं तू चार पानी पत्र लिहिलंस आणि मुलाखत झाली त्याचं अर्धं पान. हे मला समजत नाही. घसा बसलाय का तुझा?

मला सगळं हवंय. मुलाखत घेणाऱ्यांत बाई होत्या का? त्यांच्या सदऱ्याची पट्टी केवढी होती? हुद्द्याप्रमाणे ती रुंद होत जात असावी असा माझा अंदाज आहे, किल्ल्यांवाल्या बाईंची जरा रुंदच वाटली होती. साहेबांनाही पट्टी असते का? तू कुठे बसलीस? पहिला प्रश्न काय विचारला? बाकी उमेदवार काय घालून आले होते, त्यांना कुणी सांगितलं नव्हतं वाटतं?

शिवण उलटून बघणारी बाई मला आवडली. तिचं काम चोख असणार.

तू त्यांच्यात पहिल्याच दिवशी मिसळलीस हे वाचून मी देवापुढे साखर ठेवली. नोकरी लागल्यावर एका जोडावर भागायचं नाही, म्हणून दुसऱ्या जोडाचं कापड आणलं. त्याच ताग्यातलं मिळालं, रंगात फरक नाही. सोमवारी कापीन.

तुझी मावशी


७ मार्च

ती. मावशीस साष्टांग नमस्कार.

दुसरा सदरा कापू नकोस. कापला असशील तर पट्टी लावू नकोस. आता सगळं लिहिते. आधी लिहिलं नाही, कारण लिहायला बसले की तू त्या खिडकीशी वही घेऊन बसलेली दिसायचीस.

त्या सव्वीसजणी विमा कंपनीच्या नव्हेत. सफाईचं कंत्राट घेतलेल्या दुसऱ्या कंपनीच्या बायका आहेत त्या. आठाच्या आत येतात कारण बाकीचे यायच्या आधी सहाही मजले पुसून व्हावे लागतात. राखाडी सदरा आणि निळी पट्टी हा त्यांचा गणवेश. किल्ल्यांचा जुडगा होता त्या त्यांच्या मुकादमबाई. रंगीत कपड्यांतली, रमतगमत येणारी, ती ऑफिसची माणसं.

मी पावणेआठला समोरच्या दाराशी गेले. पहारेकरी म्हणाला, “गल्लीतून.” मी बोलावण्याचा कागद काढायला लागले तर म्हणाला, “कागद बाईंना दाखव. गल्लीतून.” मला वाटलं, मावशीने लिहिलंच होतं, दार बाजूला आहे. गेले. आत मुकादमबाईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. “नवीन का? हीच वेळ का यायची? तिसरा मजला घे,” म्हणाल्या आणि बादली पुढे केली.

मी ती धरली, मावशी. तोंड उघडायच्या आत हाताने धरलेली होती. मग म्हटलं, “मी मुलाखतीला आलेय.”

“सफाईच्या मुलाखती इथे नसतात गं पोरी.”

मी कागद दिला. त्यांनी तो वाचला, माझ्याकडे बघितलं, पुन्हा वाचला, आणि खुर्ची ओढून खाली बसल्या. हसू आवरेना त्यांना. आणखी चौघी जमल्या. “हा कुठून आणलास?” “माझ्या मावशीने शिवला.” “बघून?” “समोरच्या दवाखान्यातून बघून.” मग एकीने बाही उलटून शिवण बघितली आणि म्हणाली, “बाई गं, आपल्याला जे देतात त्याच्याहून कितीतरी बरा आहे.”

वेळ होता म्हणून ब्लेड आणून पट्टी उसवायला बसल्या. पण तू घातलीस दुहेरी शिवण. एका मनगटाची दोन इंच सुटली आणि तिच्याबरोबर कापड फाटायला लागलं. मुकादमबाई म्हणाल्या, “राहू दे. फाटकी जाण्यापेक्षा आमच्यातली होऊन जा.” सुटलेलं त्यांनीच टाचून दिलं. चहा पाजला. दहाला जिना दाखवला.

आत तिघं होते. मध्ये एक बाई, दोन्ही बाजूंना दोन साहेब. डावीकडचे साहेब मान वर न करता म्हणाले, “टोपली खिडकीपाशी आहे.” मी खिडकीपाशी गेले. कागदांची टोपली उचलली. दारापर्यंत आले, तेव्हा मला कळलं मी काय करतेय. टोपली खाली ठेवली आणि म्हटलं, “मी मुलाखतीला आले आहे. चौथा नंबर माझा.”

तेव्हा साहेबांनी मान वर केली. मग बाईंनी विचारलं, हा पोशाख का? मी खरं ते सांगितलं. माझ्या मावशीने दोन दिवस समोर बसून मोजलं, आठाच्या आत सव्वीस, म्हणून त्याच ऑफिसच्या असं तिला वाटलं. बाई म्हणाल्या, “आणखी काय मोजलं तुमच्या मावशींनी?” तुझं पत्र मला पाठ होतं. सव्वानऊपर्यंत एकोणचाळीस, दहानंतर अकरा. “दहानंतर अकरा?” म्हणून त्यांनी उजवीकडच्या साहेबांकडे बघितलं. ते पाणी प्यायले.

मग चाळीस कागदांचा एक गठ्ठा दिला, तारखेने लावा म्हणाले. ते मला येतं. बाबांच्या दवाखान्याचे कागद सहा वर्षं मीच लावत होते. त्यात एक अर्ज असा निघाला की माणूस आजारी पडायच्या आठ दिवस आधीच त्याने आजारपणाचे पैसे मागितलेत. मी तो वेगळा काढून ठेवला. एक प्रश्न कळला नाही, तर कळला नाही म्हटलं. झालं एवढंच.

मला त्या कपड्यांची लाज वाटली नाही, हे नीट वाच. त्या इमारतीत मी तीन-चार तास होते. गल्लीत, जिन्यात, व्हरांड्यात पन्नास-साठ माणसं माझ्या अंगाजवळून गेली. कुणी रागावलं नाही, हिणवलं नाही. कुणी बघितलंच नाही. बाबांच्या खोलीत पाहुणे यायचे तेव्हा असंच व्हायचं. पाहुणे बाबांशी बोलायचे आणि रिकामा कप माझ्याकडे न बघता माझ्या हातात द्यायचे. लाज वाटली ती टोपली उचलल्याची.

ही नोकरी मिळेल असं वाटत नाही. दादाने माझीही ट्रंक बांधायला काढली आहे.

तुझी ठकू


१६ मार्च

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

पत्र आलं त्या दिवशी मी जेवले नाही. काका म्हणाले, चूक झाली तर झाली, जेवणाने काय केलंय. पण मला आधी चूक कुठे झाली ते शोधायचं होतं. वही काढून दोनदा वाचली. मोजण्यात चूक नाही. सव्वीस ते सव्वीसच. दुसऱ्याच्या घरात कोण धनी आणि कोण राबणारं, हे मी माझ्या घरावरून ठरवलं. इथे जो आधी उठतो त्याचंच घर असतं. तिथे तसं नव्हतं.

देवापुढे बसून कबूल केलं. तुझ्यापुढेही करते. मावशीच्या शहाणपणापायी तुझ्या हातची गोष्ट जाऊ नये, एवढं मागणं मागितलं.

काल काकांची तपासणी होती. त्यांना खिडकीशी बसवून मी रस्ता ओलांडला आणि गल्लीतल्या दाराने आत गेले. मुकादमबाई होत्या. मी म्हटलं, “ठकूची मावशी मी.”

“तुम्हीच होय त्या? काय हो ती शिवण. आमच्या ब्लेडची धार गेली.”

मी सांगितलं, “मी तुम्हा सगळ्यांना इथल्या साहेबिणी समजले.” यावर त्या इतक्या हसल्या की आतून बाकीच्या धावत आल्या. एक म्हणाली, “मग जरा वर जाऊन पगाराचंही तसंच समजावून सांगा की.”

चहा मलाही दिला. तू बसली होतीस ती खुर्ची दाखवली. मुकादमबाई अकरा वर्षं तिथे आहेत आणि त्या ऑफिसातल्या एकाही माणसाला त्यांचं आडनाव माहीत नाही. गणवेश वर्षातून दोन मिळतात, पैसे पगारातून कापतात, आणि आले तर वेळेवर येत नाहीत. दुसरा सदरा मी तुझं पत्र यायच्या आधीच शिवून ठेवला होता, पट्टीसकट, तो पिशवीत घालून नेला होता. नवीन आलेल्या एका मुलीला अजून सदरा मिळाला नव्हता. ती घरच्याच कपड्यांत काम करत होती आणि रोज बोलणी खात होती. तिला तो आला, थोडा सैल. मी पैसे घेतले नाहीत. खर्चाच्या वहीत काय म्हणून लिहावं ते सुचेना, शेवटी ‘शिकवणी’ म्हणून लिहिलं.

तुझं मात्र काही कळलं का गं? पोस्टमनला रोज विचारते, तो आता दुसऱ्या गल्लीने जातो.

तुझी मावशी


२१ मार्च

ती. मावशीस साष्टांग नमस्कार.

मिळाली. एक एप्रिलपासून, आधी सहा महिने तात्पुरती, मग बघू म्हणतात. पत्र सतराला आलं, वीसला सह्यांना बोलावलं होतं, म्हणून एकदमच लिहिते. वहिनीने पत्र हातात घेतलं आणि पहिलं वाक्य म्हणाली, “मग मुलांचं कोण बघणार?” आणि मग, देव तिचं भलं करो, स्वतःच म्हणाली, “मी बघेन. तू जा.” दादाने माझी ट्रंक पुन्हा उघडून दिली.

मधल्या बाई या दप्तर विभागाच्या मुख्य. त्या म्हणाल्या, तो खोट्या तारखेचा अर्ज चौघींपैकी मी एकटीने बाजूला काढला, आणि कळलं नाही ते कळलं नाही म्हणणारीही मी एकटीच. पोशाखाबद्दल मी विचारलं तर म्हणाल्या, “स्वच्छ असावा, हात हलवता यावेत, आणि रॅकवर चढता यावं. बाकी तुमची मर्जी.”

काल मी दादाने घेतलेला फिकट पिवळा सदरा आणि तपकिरी पँट घालून गेले होते. समोरच्या दाराने. त्याच पहारेकऱ्याने दार उघडून धरलं. आणि जिन्यात मुकादमबाई दोघींबरोबर खाली येत होत्या. मला बघून तिघी भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या, बादल्या मागे घेतल्या, मान खाली. मी म्हटलं, “अहो, मी. ती दुहेरी शिवणवाली.” मुकादमबाईंनी वर बघितलं, ओळखलं, हसल्यासुद्धा. पण भिंत सोडली नाही. म्हणाल्या, “छान झालं हो बाई,” आणि मी वर जाईपर्यंत तशाच उभ्या राहिल्या.

महिन्यापूर्वी त्यांनी मला पोरी म्हटलं होतं, मावशी. मी तीच होते, एक सदरा बदलला.

आता सांग, रोज काय घालू? असं काही आहे का तुझ्या वहीत, की ते घालून मला दोन्ही दारांनी आत जाता येईल?

तुझी ठकू


२५ मार्च

चि. ठकूस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं, हशील बरोबर होतं. देवापुढे दिवा लावला आणि मग काकांना वाचून दाखवलं. त्यांना आता बारीक अक्षर दिसतं, पण म्हणाले तूच वाच.

कपड्यांचं विचारशील तर दोन जोड कर, तिसरा पगार झाल्यावर. फिकट पिवळा रॅकवरच्या धुळीने आठ दिवसांत मळेल, म्हणून एक गडद रंगाचा असू दे. खिसे खोल हवेत. टाचांचे बूट घेऊ नकोस, शिडीवरून पाय सरकायचा. तुझ्या बाईंनी सांगितलं तेवढं पुरे आहे, माझ्या वहीपेक्षा ते खरं.

आता दुसरा प्रश्न, दोन्ही दारांचा. दोन दिवस विचार केला. असं कापड मी तरी कुठल्या दुकानात बघितलेलं नाही. मी स्वतः त्या दाराने आत गेले तेव्हा मला त्यांनी खुर्ची दिली, पण मी तिथे काम करणारी नव्हते, निघून जाणारी होते. तुला रोज तिथेच राहायचंय, आणि त्या पुसतील त्याच टेबलाशी बसायचंय. ते वेगळं आहे. पहिल्या दिवशी त्या बिचकतील. पहारेकरीही अडवेल, म्हणेल बाई, तुम्ही समोरून.

तरी पण एक करून बघ. एक तारखेला तुझी वेळ सव्वानऊची असली तरी पावणेआठलाच जा. गल्लीतून. जे घालशील ते घालून जा. मुकादमबाईंना त्यांचं आडनाव विचार आणि पुढे त्याच नावाने हाक मार. चहाच्या वेळी त्यांच्यात जाऊन उभी राहा, बोलवा म्हणू नकोस, बस म्हणायची वाट बघ. त्या उठून उभ्या राहिल्या तर वाईट वाटून घेऊ नकोस. दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. किती दिवस लागतील ते मला मोजून सांगता येत नाही. मला ते जाणून घ्यायचंय मात्र.

पहिल्या दिवशी काय झालं, त्या सरकून जागा करून देतात की उभ्याच राहतात, ते उलटटपाली कळव.

तुझी मावशी